खुंटावरची टोपली

ता. ९, मंगळवार

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र जाळायला निघशील, मला माहीत आहे. पण तुझ्याकडे आता चूल नाही, आणि गॅसवर कागद धरला की घरभर काजळी उडते. त्यापेक्षा वाचून टाक. अक्षर तरी कुठे परकं आहे? तू शाळेतून आणलेली पाटी मी पुसायला घ्यायचे आणि पुसायच्या आधी गिरवून बघायचे. त्यातून जेवढं हाताला लागलं तेवढं हे. तुझा ‘र’ जिथे वाकडा जायचा तिथे माझाही जातो.

तुझी आठवण येते म्हणून मी लिहीत नाही. आठवण यायला तू गेलीस कुठे? रोज ओहोटीला शिंपले काढायला चिखलात उतरले की डाव्या हाताला तुझ्या हद्दीचे खुंट दिसतातच.

लिहायचं कारण वेगळं. परवा पहाटे धुक्यात दोन जहाजं एकमेकांवर आदळली. एक तेलाचं, एक मालाचे डबे नेणारं. कोणी म्हणतं याची चूक, कोणी म्हणतं त्याची. एवढा समुद्र मोकळा पडलेला, आणि यांना नेमकं एकमेकांच्या अंगावर जायचं होतं. आपल्या दोघींसारखं म्हण. तेलाच्या जहाजाच्या कुशीला भोक पडलंय आणि त्यातून काळं डांबरासारखं काहीतरी दोन दिवस वाहतंय. बाहेरचे खडक काळे झालेत. वास असा की पोळी तोंडात घातली तरी तेलाचीच लागते. खाडीच्या आत अजून आलेलं नाही, कारण सध्या भरतीला जोर नाही. रविवारी उधाण आहे. तेव्हा आत शिरणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पहिल्या दिवशी मी काय केलं ते भाऊजी गावभर रंगवून सांगतायत. दीर आहेत, त्यांना तेवढाच विरंगुळा. तुझ्या कानावर त्यांच्याकडून येण्याआधी माझ्याकडून ऐक. मी घरातल्या गाद्या बाहेर काढल्या, एकीला एक शिवल्या आणि खाडीच्या तोंडाशी आडव्या टाकल्या. बायकांनीही आपापल्या दिल्या. म्हटलं, कापूस आहे, तेल पिऊन घेईल. कापसाने आधी पाणी प्यायलं. मग एकेक गादी, भरपेट जेवलेली पाहुणी कुशीवर वळते ना, तशी निवांत तळाला गेली. भाऊजी होडीतून ओरडले, "वहिनी, उशा पण टाका, मान अवघडेल त्यांची!"

आता मी सतरंजीवर झोपते. पाठीला बरं असतं म्हणतात. तुझी गादी मात्र दिली नाही. तशी ती जुनी झालीय, कोणी घेतली नसती.

काल सरकारी खात्याची माणसं आली. त्यांची मुख्य एक तरुण बाई आहे, गुडघ्यापर्यंत पिवळे बूट घालणारी. पाठीमागे आम्ही तिला बूटवाली म्हणतो. बरोबर नारिंगी रंगाच्या लांबच लांब फुगीर नळ्या आणल्यात, पाण्यावर तरंगणाऱ्या. ती त्यांना बूम म्हणते, आम्ही अजगर म्हणतो. आज सकाळपासून ती पण अजगर म्हणायला लागली.

ती प्रत्येकीला विचारत होती, तुमच्या चिखलात काय आहे, किती शिंपले निघतात. मी माझ्याबद्दल सांगितलं. मग तिने डावीकडे बोट केलं, तुझ्या खुंटावरच्या टोपलीकडे. "आणि इथे?"

मी म्हटलं, "काही नाही."

तू गेलीस त्या आठवड्यात ती टोपली मीच तिथे उलटी अडकवली. मालकीण गावात नाही, हात लावू नका, एवढंच. आई करायची तसं. तेव्हापासून तुझ्या चिखलात कोणी बोट घातलेलं नाही. मला वाटायचं, नव्या सुना आल्या, त्यांना कुठली रीत माहीत असणार? पण काल बूटवाली विचारत पुढे गेली आणि एकेक जण तिला सांगत गेली, काही नाही हो तिथे. काही नाही. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "नुसता गाळ. बेडूकसुद्धा राहत नाही." गैरहजर बाईच्या चिखलात काय आहे ते परक्याला सांगायचं नाही, हे त्या तोंडाळ माणसालाही आठवलं! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तेवढंच कळवायचं होतं. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद खराब केला. पत्र बसच्या कंडक्टरकडे देते आहे.

अजूनही थोरलीच,
ताई


ता. ११, गुरुवार

धाकटे,

घात झाला. माझ्या तोंडाने झाला आणि गावाच्या तोंडाने झाला.

काल सकाळी चिखलात उतरले तर तुझ्या खुंटांना लाल झेंडे. अजगर माझ्या बाजूने तिरका टाकलेला, त्याचं शेपूट तुझ्या चिखलाकडे वळवलेलं. मी तशीच चिखलाच्या पायांनी बूटवालीच्या तंबूत गेले.

"हे झेंडे कशाला?"

"आजी, तेल तिकडे वळवायचंय."

आजी म्हणाली मला! मी तिची आजी? ते नंतर बघू म्हटलं. "तिकडेच का?"

ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना, तिथे काही नाही म्हणून? सगळ्यांनी सांगितलं."



मग तिने मला बाहेर नेलं आणि बुटाच्या टोकाने ओल्या वाळूत खाडी काढून दाखवली. तोंडाशी मोठा खडक, त्याच्या डावीकडे तू, उजवीकडे मी, आणि मागे सगळ्यांचे चिखल, आतपर्यंत. म्हणाली, "भरतीच्या जोरापुढे अजगर आडवा धरला तर तेल खालून निसटतं. तिरका धरला तर वळतं. वळलं की एका कोपऱ्यात साचतं, तिथून पंपाने ओढून घेता येतं. पण एक बाजू द्यावी लागेल. नाही दिली तर मागचं सगळं जाईल."

तिच्याशी भांडायला गेले होते, पण ती बरोबर बोलत होती. मला माझ्या गाद्या आठवल्या आणि मी गप्प बसले.

गप्प फार वेळ बसले नाही, तू ओळखतेस मला. बायकांना गोळा केलं. सगळ्या तंबूसमोर उभ्या राहिलो आणि म्हटलं, बाई, आम्ही खोटं बोललो. तिथे भरपूर आहे. उलटी टोपली म्हणजे काय तेही सांगितलं. जहाजाच्या कंपनीचा एक माणूस तिथे खुर्ची टाकून बसलेला असतो, कायम हसतमुख. त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. तो हसून म्हणाला, "काल काही नव्हतं, आज भरपूर आहे. उद्या मोती निघतील."

बूटवाली हसली नाही. म्हणाली, "मी तुमचं खोटं मानत नाही आणि खरंही मानत नाही. दाखवा मला. एक टोपली काढून दाखवा. डोळ्यांनी बघितलं की झेंडे काढते."

प्रत्येकीने माझ्याकडे बघितलं, आणि मी माझ्या पायांकडे.

तुला आठवत असेलच. तुला आईचा चिखल धक्का बांधणाऱ्यांना द्यायचा होता. दोघी वर कोरड्या जागेत राहू, गुडघे तरी शाबूत राहतील, असं तुझं म्हणणं. मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन. तू मधोमध खुंट ठोकलेस आणि सगळ्या गावासमोर म्हणालीस, "ताई, माझ्या चिखलाला बोट लावलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." गाव विसरायला तयार आहे, पण मला अजून ऐकू येतं. आता सांग, कशी लावू बोट?

तेव्हा हे पत्र भांडणाचं नाही. एक शब्द पाठव. ‘काढ’ एवढाच. कागदावर नको असेल तर कंडक्टरला तोंडी सांग, तो पोचता करेल. बूटवालीने शनिवारपर्यंत मुदत दिलीय. रविवारी उधाण.

तुझ्या लेकीला बूटवालीने फोन केला होता. ती म्हणाली, त्या विषयावर आई बोलत नाही. मला वाटलंच होतं. भाची माझी आहे, पण जीभ तुझी घेतलीय.

ताई


ता. १२, शुक्रवार

धाकटे,

कंडक्टर रिकाम्या हाताने आला. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मावशी, मी काय करू? मुलगी दारात आली, पत्र आत घेऊन गेली. मी गाडी सोडून थांबलो. खिडकीतून दिसत होतं, तुमच्या बहिणीने वाचलं, घडी घातली, परत उघडलं, परत वाचलं. मग पडदा ओढला."

परत उघडलंस ना? मग तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस कशाला?

आज गोडबोल्याने टोप्या वाटल्या. पांढऱ्याशुभ्र, समोर कंपनीचं नाव. सगळ्यांनी टोप्या घालून, हातात फावडी घेऊन, काळ्या दगडांपुढे उभं राहायचं, तो फोटो काढणार. म्हणाला, "जगाला कळू दे, आपण सगळे मिळून किनारा साफ करतोय."

मी म्हटलं, "आपण सगळे? तुम्ही कधी उतरलात?"

"मावशी, उन्हाची आहे टोपी. डोकं तापू नये म्हणून."

"डोकं तापलेलंच बरं आहे सध्या," मी म्हटलं, आणि टोपी त्याच्याच डोक्यावर ठेवली. भाऊजींनी मात्र टोपी घेतली, उलटी केली आणि तिच्याने होडीतलं पाणी उपसायला लागले. फोटो तोच काढला असता तर बरं झालं असतं.

एरवी आम्ही दिवसभर दगड खरवडतोय. हात कितीही धुवा, नखांत काळं राहतंच. काल एक पाणकावळा मिळाला, पंख चिकटून गेलेले. बूटवाली मांडी घालून बसली आणि भांडी घासायच्या साबणाने त्याला अंघोळ घालत होती. तो तिला टोचत होता आणि ती त्याला म्हणत होती, टोच, टोच, जिवंत आहेस ना, टोच. मला ती आवडायला लागलीय. तुझ्यासारखी हट्टी आहे. पण अजून आजीच म्हणते.

उद्या दुपारच्या ओहोटीपर्यंत तुझी वाट बघेन. त्यानंतर मी माझं बघेन. तू शपथ घातलीस म्हणून मी हात बांधून बसले आणि तुझा चिखल तेलाचं गटार झाला, तर आई वरून टोपली फेकून मारेल मला. तिचा नेम कसा होता ते तुला माहीतच आहे.

ताई


ता. १३, शनिवार

धाकटे,

लावला हात.

दुपारची बस आली, त्यात तुझा निरोप नव्हता. मी आईचं दाताळं घेतलं आणि निघाले. मागून सगळ्या बायका आल्या, पण खुंटांपाशी थांबल्या. पुढे कोणी येईना. भाऊजी म्हणाले, "वहिनी, विचार करा. शपथ आहे." मी म्हटलं, "शपथ मला घातलीय, तुम्हाला नाही. तुम्ही कशाला घाबरता?" आणि पाय आत टाकला.

पहिल्याच पावलाला घसरले. इतकी वर्षं चिखलात काढली, आणि तुझ्या चिखलाने मला ओळख दिली नाही बघ! बूटवालीने दंडाला धरलं म्हणून वाचले. तशा दोघी एकमेकींना धरून मधोमध गेलो.

हात कोपरापर्यंत घातला. काही लागलं नाही.

मागे सगळा गाव उभा, शेजारी ही पोरगी बघतेय, काठावर गोडबोल्या खुर्ची उचलून जवळ आणतोय. मनात आलं, खरंच काही नसलं तर? एवढी वर्षं उलट्या टोपलीखाली मी नुसता गाळ राखत बसले की काय? हात काढला, दोन पावलं सरकले, परत घातला. पार खांद्यापर्यंत, गाल चिखलाला टेकला.

आणि लागले. अगं, कसे लागले! एकाला एक खेटून, फरशी बसवावी तसे. बोटाने निघेचनात, दाताळं लावावं लागलं. पहिला शिंपला वर काढला तर माझ्या मुठीत मावेना. असे मी आईच्या काळी बघितले होते, नंतर नाही. मी तो डोक्यावर धरला आणि गोडबोल्याला ओरडून सांगितलं, "मोती नाही, पण चालेल का?" बायकांनी अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या काठाचे बगळे उडाले.

बूटवाली शिंपल्याच्या पाठीवरच्या रेघांवरून बोट फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, "आजी, हे सगळे जुने आहेत. हेच बी सोडत असणार. या खाडीत आतपर्यंत जे शिंपले निघतात ते यांच्या जिवावर." मला हे ठाऊक नव्हतं, धाकटे. मला वाटायचं, माझ्या चिखलात येतं ते माझ्या मेहनतीचं.

तिने शब्द पाळला. स्वतःच्या हाताने लाल झेंडे उपटले. तेल आता तुझ्याकडे येणार नाही. दुसरी जागा सापडली. कुठली, ते विचारू नकोस, तुझ्याशी त्याचा संबंध नाही. बूटवालीने मला फक्त एवढंच विचारलं, "नक्की का?" मी म्हटलं, "एकदा सांगितलं ना!"

भाऊजी माझ्याशी बोलत नाहीयेत. जेवायला पण आले नाहीत. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं शेजाऱ्यांना सांगत होते म्हणे.

तिन्हीसांजेपर्यंत बायका माझ्याबरोबर चिखलात होत्या. एकीनेही कुरकुर केली नाही. आणि एक सांगायचं राहिलं, तुझ्याकडे काही पाहुणे सोडलेत. टोपल्या टोपल्या भरून आणले आणि तुझ्या मोकळ्या कडेला लावून दिले. जागा भरपूर आहे तुझ्याकडे. कुठून आणले, कशाला आणले, ते मनावर घेऊ नकोस. खाऊनपिऊन राहतील बिचारे.

दाताळं धुऊन ठेवलं. आता ते बरेच दिवस लागणार नाही.

तुझी शपथ मोडली. त्याचं काय ते माझ्याशी बोल. दुसऱ्या कोणावर राग काढू नकोस, त्या सगळ्या खुंटांच्या बाहेर होत्या.

ताई


ता. १६, मंगळवार

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. वर नाव नाही, खाली सही नाही. नुसतं, "माझ्या चिखलाला हात कुणी लावला?"

शनिवारचं पत्र हातात असताना विचारतेस, कुणी. म्हणजे माझ्या तोंडून परत ऐकायचंय. ऐक मग. मी लावला. तुझ्या थोरल्या बहिणीने, दिवसाढवळ्या, गावासमोर, खांद्यापर्यंत लावला. तू नको म्हणाली असतीस तरी लावला असता. आणि उद्या परत वेळ आली तर परत लावेन.

चिठ्ठी मी बायकांना वाचून दाखवली. एक म्हणाली, "रागात आहे." मी म्हटलं, "आहेच. पण ‘माझ्या चिखलाला’ म्हणालीय, ऐकलंस का? माझ्या."

आता राहिलेलं सांगते. लपवून ठेवणार होते, पण भाऊजी कंडक्टरशी कुजबुजताना दिसले. त्यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

खडकाला बाजू दोनच आहेत. एक तुझी, एक माझी. तिसरी कुठून सापडणार होती?

बूटवालीने तुझे झेंडे उपटले तेव्हा तिच्या तोंडावर तोच प्रश्न होता, पण विचारायचं धाडस तिला होईना. मीच म्हटलं, लाव माझ्याकडे. ती म्हणाली, "आजी, तुमचं तर चालू आहे. रोजचं निघतंय." मी म्हटलं, "म्हणून तर माझं आहे. तिचं द्यायला मी कोण? ती इथे नाही. माझं द्यायला मी आहे." मग ‘नक्की का’ वगैरे झालं. जेवढे हाताला लागले तेवढे माझे शिंपले बायकांनी त्याच दुपारी, तिन्हीसांजेच्या आत, उपसून तुझ्याकडे आणले. पाहुणे ते हेच. सगळे नाही आणता आले. चिखल काही पेटी नाही, उलटी करून झटकायला.

रविवारी उधाण आलं. पाणी आधी नुसतं तपकिरी होतं. मग खडकाला वळसा घालून ते आलं, जाड, सुस्त, लाट फुटतच नव्हती त्याच्यात. अजगराला घासत घासत वळलं आणि माझ्या खुंटांच्या मधून आत गेलं. बूटवाली पंपाशी उभी राहून ओरडत होती, माणसं धावत होती. मी काठावर बसून होते. कोणीतरी म्हणालं, बघू नका, घरी चला. का नको बघू? जन्म काढलाय तिथे. पाठ फिरवून जाऊ?

तुझ्याकडे एक थेंब गेला नाही. मागेही नाही. पंप अजून चालू आहे. माझा चिखल आता चकाकतो, सकाळचं ऊन पडलं की मोरपिसाचे रंग दिसतात. दिसायला सुंदर आहे गं, हेच तर वाईट. बूटवाली म्हणते, वरचा थर काढू, भरत्या धूत राहतील, काही वर्षं जातील, मग परत बी धरेल. किती वर्षं, ते तिला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "लागू देत. मी कुठे जात नाही." गोडबोल्या मला हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमच्या त्यागाबद्दल आम्ही काहीतरी लिहू." मी त्याला सांगितलं, त्याग तुमच्या घरी ठेवा. तुमच्या तेलासाठी मी जागा दिलेली नाही. माझ्या बहिणीच्या चिखलासाठी दिलीय. लिहायचं तर तसं लिहा, नाहीतर लिहूच नका. त्याने वही मिटली.

आता तू काय म्हणणार ते मला इथे बसून ऐकू येतंय. "धक्क्याला द्यायला नाही म्हणालीस, माझ्याशी जन्माचं वैर घेतलंस, आणि शेवटी तेलाला दिलास?" म्हण. माझं मलाच म्हणून झालंय. रविवारी काठावर बसल्या बसल्या हसू आलं. शेजारणीला वाटलं रडतेय, तिने पदर पुढे केला. मी म्हटलं, अगं हसतेय. ती म्हणाली, भाऊजी म्हणतात ते खरं दिसतंय.

पण एक लक्षात ठेव. धक्का आला असता तर दोन्ही चिखल गेले असते. आता एक आहे, तो तुझा आहे, आणि त्यात माझे पाहुणे आहेत. म्हणजे खुंट अजून उभे असले तरी त्यांच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे आता शिंपल्यांनाही सांगता येणार नाही.

बायका म्हणतायत, ताई, आता तूच काढ तिथले, बहीण काही येत नाही. बूटवालीसुद्धा म्हणाली. मी नाही म्हटलं. एकदा हात घातला तो दाखवण्यासाठी. रोजचा हात घालायचा तर मालकिणीने घालायचा, किंवा मालकिणीने उभं राहून सांगायचं. चिठ्ठीतला ‘काढ’ आता मी मानणार नाही. त्याची वेळ शनिवारी गेली. आता स्वतः यावं लागेल.

मेलेलं तोंड बघशील म्हणाली होतीस. शपथ तर मोडली. मग दाखव तोंड. मला विचारशील तर जिवंतच बरं, आणि तेही रागावलेलं चालेल. गुडघे दुखत असतील तर काठावर पाट टाकते, त्यावर बसून मला नावं ठेव. मी आत उतरेन, तू सांगशील तेवढं काढेन. हाताखाली माणूस म्हणून मी वाईट नाही, फक्त उलट बोलते.

तुझी गादी माळ्यावरून काढून उन्हात घातलीय. थोडा तेलाचा वास येतो, पण सध्या इथे कशाला येत नाही? भाऊजींनी न सांगता काठी घेऊन ती झोडपून दिली. बोलले मात्र नाहीत. धूळ त्यांच्याच नाकात गेली आणि शिंकत घरी गेले.

टोपली अजून तुझ्या खुंटावर उलटीच आहे. उधाणाने जरा कलली होती, मी सरळ केली. मी घातली होती, पण मी काढणार नाही. ती तूच काढायची.

शुक्रवारची ओहोटी सकाळची आहे. पहिल्या बसने आलीस तर वेळेत पोचशील. पायात जुनं काहीतरी घाल.

ताई